चिटकीची गरम जागा

एका भिंतीवर होती एक पाल. करंगळीएवढी. नाव तिचं चिटकी.

भिंतीला होती फळी. फळीवर गोदाक्का शिंपिणीचा रेडिओ. रेडिओ गायचा ला ला ला. त्याची पाठ व्हायची गरम गरम. चिटकी त्याच्या मागे झोपायची. गुडुप!

एकदा काय झालं? दिवे गेले. दिवे आले. आले ते एकदम जोरात! बल्ब झाला लख्ख. पंखा फिरला गरगर गरगर. रेडिओ म्हणाला, "ला ला... फट्!"

आणि गप्प.

गोदाक्कानं बटण दाबलं. गप्प. प्लग काढला, पुन्हा लावला. गप्प. टपली मारली, टप्! तरी गप्पच.

रेडिओ झाला थंडगार. चिटकीला भरली हुडहुडी.

चिटकी निघाली सुळुक सुळुक. गेली रेडिओ दुरुस्त करणाऱ्या बशीरमामांकडे.

"बशीरमामा, बशीरमामा, रेडिओ उघडा ना!
रेडिओ गाईना,
मी झोपू कुठे? चुक चुक चुक!"

मामा म्हणाले, "वीज जोरात आली ना? आतली बारीक तार जळली असणार. उघडीन की! पण पेचकस नेला कावळ्यानं. आधी तो आण."

चिटकी निघाली सुळुक सुळुक. कावळा बसला होता घरट्यात. घरट्यात काड्या, तारा आणि मामांचा पेचकस!

"कावळेदादा, कावळेदादा, पेचकस द्या ना!
मामा रेडिओ उघडेना,
रेडिओ गाईना,
मी झोपू कुठे? चुक चुक चुक!"

"काव काव! देईन की! पण आधी मला कांदाभजी."

चिटकी निघाली सुळुक सुळुक. गेली भजीवाल्या सगुणामावशीकडे.

"सगुणामावशी, सगुणामावशी, भजी तळ ना!
कावळा पेचकस देईना,
मामा रेडिओ उघडेना,
रेडिओ गाईना,
मी झोपू कुठे? चुक चुक चुक!"

"तळीन की! पण कांद्याच्या पोत्यावर बसलीय शेळी. ढकलून ढकलून दमले मी! आधी तिला उठव."

चिटकी चढली पोत्यावर.

"शेळीताई, शेळीताई, ऊठ ना!
मावशी भजी तळेना,
कावळा पेचकस देईना,
मामा रेडिओ उघडेना,
रेडिओ गाईना,
मी झोपू कुठे? चुक चुक चुक!"

"बें बें! उठेन की! पण आधी मला शेवग्याचा पाला."

चिटकी निघाली सुळुक सुळुक. गेली शेवग्याच्या झाडाकडे.

"शेवगेदादा, शेवगेदादा, पाला द्या ना!
शेळी उठेना,
मावशी भजी तळेना,
कावळा पेचकस देईना,
मामा रेडिओ उघडेना,
रेडिओ गाईना,
मी झोपू कुठे? चुक चुक चुक!"

"देईन की! पण पानापानावर बसलेत किडे. अंगभर नुसत्या गुदगुल्या! खी खी खी! आधी त्यांना घालव."

चिटकीनं डोळे केले मोठ्ठे.

"किडे? मी खाऊ?"

"खा की!"

मट्ट! मट्ट! मट्ट! किडे गट्टम. चिटकीचं पोट टम्म.

मग झाडानं पाला दिला, सळसळ सळसळ. शेळी उठली टुणकन. मावशीनं भजी तळली, चुर्र चुर्र. कावळ्यानं भजी खाल्ली. "हाय हाय, गरम गरम!" घरट्यातून पेचकस पडला, टण्ण!

मामा पेचकस घेऊन आले गोदाक्काकडे. मागोमाग शेळीही. आधी प्लग काढला. मग रेडिओ उघडला. जळकी तार काढली, नवी घातली. रेडिओचं झाकण लावलं. बटण दाबलं, खट्!

गप्प!

"अगं बाई!" म्हणाली गोदाक्का.

"बें!" म्हणाली शेळी.

मामांनी डोकं खाजवलं. पुन्हा बटण दाबलं, खट् खट्! गप्प!

चिटकी ओरडली, "मामा, मामा, प्लग!"

"अरेच्चा!" मामांनी प्लग लावला.

"ला ला ला!" रेडिओ गायला. पाठ झाली गरम गरम.

चिटकी धावली सुळुक सुळुक. पण टम्म पोट मागे जाईना! डोकं आत, शेपूट बाहेर.

"गोदाक्का, गोदाक्का, रेडिओ सरकव ना!"

गोदाक्का हसली. रेडिओ बोटभर पुढे सरकवला. "ये बाई, झोप आता."

चिटकी शिरली आत. शेपूट घेतली पोटाशी.

गुडुप!