फ्रीजचा भाजीचा खण

भाजी पिशवीतच जन्मते असं शहाणी भांडीसुद्धा मानत, त्या काळची ही गोष्ट. कालिंदीबाईंच्या स्वयंपाकघरात एक फ्रीज होता. आपण गारठवल्याशिवाय या घरात काही शिजत नाही, अशी त्याची पक्की समजूत होती.

एके सकाळी ओट्यावर एक दोडका आला. देठ ओला, अंगाला अजून ऊन. फ्रीज दचकलाच.

"अरे, हा तर जिवंत आहे!"

"गॅलरीतल्या फुटक्या बादलीत वाढलोय," दोडका म्हणाला. "रोप शेजारच्या रेहानाबींनी दिलं, खत वरच्या मजल्यावरून आलं."

"असेल. पण आधी माझ्या खणात चार दिवस पडायचं. रीतच आहे."

"सुतक कुणाचं पाळायचं? मी थेट कढईत चाललो."

आणि दोडका गेलाही. पुढे मेथीही तशीच गेली. खण रिकामा पडला आणि आता आपल्याला भंगारात काढणार, या धास्तीनं फ्रीज घुरघुरू लागला.

"फ्रीजराव, तुम्ही आलात तेव्हा मलाही काढणार होते," कोपऱ्यातला माठ म्हणाला. "अजून बसलोय."

तेवढ्यात रेहानाबी आल्या. "ताई, रोपांसकट सगळ्या कुंड्या वाटून बसले. आता कोथिंबीर कशात लावू?"

कालिंदीबाईंनी फ्रीज उघडला आणि खणच उपसून त्यांच्या हाती दिला. फ्रीजचं दार उघडं ते उघडंच राहिलं.

पंधरवड्यानं तो खण खिडकीतून शेजारच्या गॅलरीत दिसला, कोथिंबिरीनं हिरवागार. जन्मभर त्यात भाज्या नुसत्या सुकत आल्या होत्या.

फ्रीज हळूच म्हणाला, "माठा, माझा अंड्यांचा कप्पाही रिकामाच असतो. रेहानाबींना कळवशील?"