तळाचा अंगठा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा राजेसुद्धा लोणच्याच्या बरणीची वाट बघत बसायचे. लहानांनो, हसू नका. मोठ्यांनो, तुम्हीही नाही.

नदीकाठच्या कुंभारवाड्यात भिवरा नावाची कुंभारीण राहायची. तिच्या बरण्यांची झिलई म्हणजे काय सांगावं. गारगोटीची पूड, राख आणि तांब्याचा कीस पाण्यात कालवून ती फडक्यातून गाळायची. मग त्यात बोट बुडवायची. नख दिसेनासं झालं की जमलं. बरणीला लावताना तो नुसता चिखल दिसे, पण भट्टीतून बरणी निघायची ती हिरवीगार, काचेसारखी.

दरवर्षी राजाच्या लोणच्याची बरणी तिच्याच घरून जाई. म्हणून कुंभारवाड्यातली पहिली भट्टी पेटवायचा मान तिच्या घराला होता. भिवराला याचा अभिमान होता, आणि का नसावा?

त्या वर्षी बाजारात शेजारी तांब्यापितळेची भांडी मांडून बसलेल्या तांबटिणीनं तिची बरणी उलटी करून बघितली. "अगं बाई, तळ कोराच ठेवलास? झिलई पुरली नाही वाटतं."

चारचौघी हसल्या. भिवराला ते चांगलंच झोंबलं. घरी येऊन तिनं राजाची बरणी तळासकट झिलईत बुडवून काढली.

सासरे ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, "सूनबाई, तळ पुसून घे. अंगठा झाकलास की." त्या घरची रीतच होती: माती ओली असताना तळाला घडवणाऱ्याचा अंगठा उमटवायचा.

"मामंजी, यंदा कुणाला नाव ठेवायला जागाच देणार नाही मी," असं म्हणून भिवरानं बरणी तशीच भट्टीत ठेवली.

भट्टी निवली. आत बरणी झळाळत होती. भिवरा उचलायला गेली, तर हलेना. तळाची झिलई वितळून खालच्या फरशीला चिकटली होती. तिनं जोर लावला, तेव्हा बूड फरशीवरच राहिलं आणि वरची बरणी हातात आली.

भिवरानं फुटकी बरणी बाजूला ठेवली. राजवाड्यात कैऱ्या चिरायला घेतल्या होत्या. "मामंजी, घराचा मान घालवला मी," ती म्हणाली आणि रडली.

"अजून गेला नाही," सासरे म्हणाले. "एकदा भाजलेली कोरी बरणी आहे ना कोपऱ्यात? ती घे. रडणं आटप आणि झिलई ढवळ."

भिवरानं ती बरणी बुडवली आणि ओल्या फडक्यानं तळ पुसला, अंगठ्याची रेघन्‌रेघ दिसेपर्यंत. या वेळी बरणी भट्टीतून अलगद उचलली गेली. ती तिनं स्वतः डोक्यावरून राजवाड्यात नेली.

राजानं बरणी उलटी केली. "इथं झिलई राहून गेली का?"

"राहून गेली नाही, महाराज. मीच ठेवली नाही," भिवरा ताठ मानेनं म्हणाली. "त्या जागेवर बरणी उभी राहते. आणि तो अंगठा माझा आहे."

राजानं त्या ठशावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "कैऱ्या आणा."

पुढच्या वर्षीही पहिली भट्टी भिवराचीच पेटली. तेव्हापासून त्या गावात बरणी घेणारा आधी ती उलटी करतो आणि अंगठा शोधतो. तांबटिणीनंही एक नेली. तांब्यापितळेत लोणचं टिकत नाही, हे तिलाही ठाऊक होतं.

तात्पर्य: कामाची झळाळी खुशाल मिरवावी, पण ज्या मातीवर आपण उभे आहोत ती झाकू नये.