कोल्होबांची दवंडी

प्राणी बोलत आणि झाडं ऐकत, त्या काळातली गोष्ट. एका रानात अन्नाची मोठी टंचाई पडली होती. एके दिवशी कोल्हाप्रधानाने सगळ्या प्राण्यांना एकाच तराजूत बसवलं. हत्तीचं पोट सुटलं होतं, त्यामुळे पारडं धाडकन खाली गेलं. कोल्ह्याने लगेच दवंडी पिटली, "टंचाई संपली! रानातला प्रत्येक जण लठ्ठ झाला!"

भुकेली चिमाक्का चिचुंद्री हरखली. आता आपण बिळात मावणार नाही, म्हणून तिने उपाशीपोटीच दार रुंद केलं.

त्या दारातून नाग आत शिरला. चिमाक्का कोपऱ्यात सरकली. नागाने तिला न्याहाळलं आणि तोंड वाकडं केलं. "दवंडी ऐकून एवढ्या लांबून आलो, बाई! तुझी तर नुसती हाडंच आहेत."

"नागोबा," चिमाक्का म्हणाली, "हेच जरा प्रधानजींना सांगता का?"