तांबट आळीतील पाठशाळा

एकदा एका नारळ-सुपारीच्या व्यापाऱ्याला आपले बिऱ्हाड हलवावे लागले. ज्या बंदरावर त्याच्या आजोबांनी पहिली वखार बांधली, ते बंदर गाळाने भरत गेले. मोठी गलबते आधी दूरवर नांगर टाकू लागली आणि पुढे येईनाशीच झाली. तेव्हा व्यापाऱ्याने मन घट्ट केले, पत्नी भागीरथी आणि आठ वर्षांचा मुलगा कमलाकर यांना बैलगाडीत बसवले आणि घाट चढून तो राजधानीच्या नगरात आला.

दुकानाची जागा लगेच ठरली. घर मात्र ठरेना. नगर मोठे होते, पेठा अनेक होत्या आणि जो तो आपल्याच पेठेचे गुण गात होता. कुणी म्हणे, नदीकाठी राहा, हवा चांगली. कुणी म्हणे, राजमार्गाला लागून राहा, ओळखी वाढतात. धर्मशाळेत सामान तसेच बांधलेले पडले होते आणि भागीरथी रोज सकाळी विचारत होती, "आज तरी ठरेल ना?"

व्यापाऱ्याची खरी अडचण वेगळी होती, ती तो कुणाला सांगत नव्हता. कमलाकर बोलताना अडखळत असे. शब्द ओठांपर्यंत येई आणि तिथेच थबके. मुलाचे डोळे मिटत, मान ताठ होई. सगळ्यात कठीण जाई ते त्याचे स्वतःचे नाव. बंदरावरची मुले त्याची नक्कल करीत, आणि त्यामुळे तो हळूहळू गप्प राहू लागला होता. व्यापाऱ्याचा मुलावर फार जीव. मुलगा अडला की तो चटकन उरलेला शब्द पुरवी, वाक्य पुरे करी. आपण मुलाची लाज राखतो आहोत, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. नव्या नगरात मुलाला उत्तमातली उत्तम पाठशाळा मिळाली तर तो सुधारेल, या एका आशेवर तो जगत होता.

नगराबाहेर एका मठीत एक वृद्ध आचार्य राहत. तरुणपणी व्यापाऱ्याने त्यांच्यापाशी दोन वर्षे अध्ययन केले होते. नदीवर त्यांनी रचलेले स्तोत्र त्या प्रांतातल्या प्रत्येक पाठशाळेत म्हटले जाई. आचार्यांचे नाव सर्वांना ठाऊक. पण अलीकडे ते लोकांत फारसे मिसळत नसत, त्यामुळे चेहरा थोड्यांनाच ठाऊक होता. व्यापाऱ्याने त्यांचे पाय धरले आणि मनातले सारे सांगितले.

"आचार्य, घर कुठलंही चालेल. आधी पाठशाळा सांगा. पाठशाळा असेल त्या पेठेत राहीन."

आचार्य कमलाकरकडे पाहत होते. मुलगा बापाच्या पाठीमागे उभा राहून उपरण्याचे टोक चाळवत होता.

"चल," ते म्हणाले, "मी येतो बरोबर. मला मुलाचा आजोबा समजतील, समजू देत."

ते प्रथम राजमार्गावरच्या पाठशाळेत गेले. ती नगरातली सर्वांत नावाजलेली. आवार स्वच्छ, पटांगणात वाळू अंथरलेली, मुले ओळीने बसलेली. तिथल्या गुरुजींनी आदराने आसन दिले. मुलांनी गणिते सोडवून दाखवली, कोशातले शब्द धडाधड म्हणून दाखवले. व्यापारी हरखून गेला.

मग आचार्य म्हणाले, "मीही मुलांना काही म्हणून दाखवू का?" आणि त्यांनी आपलेच नदीस्तोत्र म्हणायला सुरुवात केली. पहिला श्लोक झाला. दुसऱ्याच्या मध्यावर ते थांबले. पुढचा शब्द आलाच नाही.

पापणी लवते न लवते तोच पुढच्या रांगेतल्या एका मुलाने तो शब्द ओरडून सांगितला. त्याच्या मागोमाग चार जणांनी सांगितला. मागच्या रांगेत खसखस पिकली. गुरुजींनी डोळे वटारून ती थांबवली, पण त्यांच्या ओठांवरही स्मित होते. "क्षमा असावी, आजोबा," ते म्हणाले, "या श्लोकात आमच्याकडे पहिल्या वर्षाचा मुलगाही अडत नाही."

व्यापाऱ्याचे कान लाल झाले. स्वतः रचलेल्या स्तोत्रात आचार्य अडावेत! पण त्याच क्षणी त्याच्या मनात आले, मुले मात्र काय तल्लख आहेत! बाहेर पडल्यावर तो म्हणाला, "आचार्य, माझं ठरलं. इथेच घालावं मुलाला."

"आणखी एक पाहू," आचार्य म्हणाले. "तांबट आळीत."

व्यापाऱ्याला हे मुळीच रुचले नाही. आळीच्या तोंडाशी पोचण्याआधीच हातोड्यांचा ठणठणाट कानांवर आदळू लागला. दोन्ही अंगांना दुकाने. प्रत्येक ओट्यावर कुणी घंगाळ ठोकत होता, कुणी हंड्याचे पोचे काढत होता. भिंती धुराने काळवंडलेल्या. "आचार्य," व्यापारी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "इथे शेजाऱ्याचं शेजाऱ्याला ऐकू येत नसेल. इथे मूल काय शिकणार?"

"वाट विचार," आचार्य म्हणाले.

व्यापाऱ्याने जवळच्या ओट्यावरच्या तांबटाला चालता चालताच विचारले, "पाठशाळा कुठे हो?" तांबटाने हातोडा खाली ठेवला. नुसता ठेवला नाही, तर ओट्यावरून उतरून तो जवळ आला आणि व्यापाऱ्याच्या तोंडाकडे पाहत उभा राहिला. "हं, आता बोला," तो म्हणाला. व्यापाऱ्याला प्रश्न पुन्हा विचारावा लागला. तांबटाने तो शेवटपर्यंत ऐकला, वाट सांगितली, नीट समजली की नाही ते विचारले, आणि मगच तो परत जाऊन बसला. व्यापाऱ्याला नवल वाटले, पण आवाजाच्या तापापुढे ते नवल टिकले नाही.

पाठशाळा आळीच्या मागच्या अंगणात, शिरीषाच्या झाडाखाली भरत होती. मुले आणि मुली चटयांवर गोल करून बसली होती. गुरुजी साधे गृहस्थ होते. ठोकाठोक इथेही ऐकू येत होती, जरा दबून, पण अखंड.

आचार्यांनी तीच परवानगी मागितली आणि तेच स्तोत्र म्हणायला घेतले. व्यापाऱ्याने मनाशी म्हटले, आता दुसऱ्या श्लोकात अडणार. पण दुसरा श्लोक पार पडला. तिसराही. पाचव्या श्लोकात, जिथे नदी सागराला भेटते तिथे, आचार्य थांबले.

व्यापारी शब्दाची वाट पाहू लागला. शब्द येईना. त्याने आचार्यांच्या मुखाकडे पाहिले आणि तो चरकला. त्यांच्या कपाळावर घाम जमला होता. व्यापाऱ्याला तो श्लोक पाठ होता. सवयीने त्याचे ओठ उघडले. इतक्यात त्याची नजर मुलांकडे गेली आणि त्याचा शब्द ओठांतच राहिला.

एकही मूल बोलले नाही. एकही हसले नाही. त्यांना श्लोक येत होता, हे त्यांच्या चेहऱ्यांवर स्पष्ट दिसत होते. एका चिमुरडीने तर तोंडातला शब्द बाहेर पडू नये म्हणून ओठ घट्ट मिटले होते. सगळी किंचित पुढे झुकून आचार्यांकडे पाहत होती. त्या पाहण्यात कीव नव्हती, घाई नव्हती. पहाटे उमलणाऱ्या कळीकडे माणूस जसे श्वास धरून पाहतो, तशी ती पाहत होती. गुरुजीही तसेच बसले होते. बाहेर हातोडे पडत होते आणि आत त्या सगळ्या आवाजाच्या मधोमध एक शांतता उभी होती. हात लावता येईल इतकी सघन. व्यापाऱ्याने मोठमोठी देवालये पाहिली होती. पण इतके नम्र व्हावेसे त्याला कुठल्याही गाभाऱ्यात वाटले नव्हते.

बऱ्याच वेळाने आचार्य म्हणाले, "बाळांनो, सुटला हातून. येत नाही."

"मग पहिल्यापासून म्हणू या का, आजोबा?" त्या चिमुरडीने विचारले. "आम्ही पण म्हणतो."

मुलांनी आचार्यांबरोबर प्रारंभापासून स्तोत्र म्हटले. पाचवा श्लोक आला तशी त्यांची लय आपोआप मंद झाली, आणि त्या जागेपाशी येताच सगळी एकदम थांबली. एक क्षण गेला. मग आचार्यांच्या थकलेल्या कंठातून तो शब्द एकटाच बाहेर आला. मुलांनी तो त्यांना पुरता म्हणू दिला, आणि मगच सगळा सूर पुन्हा एक होऊन वाहू लागला.

कुणाच्याही ध्यानात येण्याआधी कमलाकर बापाच्या मागून पुढे आला होता.

"तुझं नाव काय, बाळा?" गुरुजींनी विचारले.

"त्याचं ना..." व्यापाऱ्याने नेहमीप्रमाणे तोंड उघडले आणि मिटले. आयुष्यात इतके जड काम त्याने केले नव्हते.

"क..." मुलगा म्हणाला. डोळे मिटले. मान ताठ झाली. "क... क..."

हातोडे पडत राहिले. मुले पुढे झुकली.

"कमलाकर," मुलगा म्हणाला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी शाबासकी दिली नाही. एक मुलगा फक्त आपल्या चटईवर सरकला आणि म्हणाला, "कमलाकर, इथे बस." इतकेच. व्यापाऱ्याने तोंड फिरवून उपरण्याने डोळे टिपले.

कमलाकर मुलांत रमल्यावर त्याने गुरुजींना हात जोडून विचारले, "ही विद्या आपण मुलांना कशी शिकवली?"

गुरुजी गोंधळले. "कसली विद्या? आम्ही काही वेगळं शिकवत नाही हो. इथे आवाज फार. एकाचं बोलणं दुसऱ्याला कळायचं तर बाकीच्यांनी थांबायला हवं. इथली मुलं पाळण्यात असल्यापासून तेच बघतात."

परतीच्या वाटेवर व्यापाऱ्याने आचार्यांना हात जोडले. तो म्हणाला, "आचार्य, दोन्ही ठिकाणी अडून आपण माझे डोळे उघडलेत."

आचार्य थांबले. एका पारावर बसले. "अर्धंच बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "पहिल्या पाठशाळेत मी मुद्दाम अडलो. तांबट आळीत खरंच अडलो."

व्यापारी त्यांच्या शेजारी पारावर टेकला.

"गेलं वर्षभर शब्द मला सोडून जात आहेत. लोक म्हणतात, आचार्यांना वैराग्य आलं, म्हणून ते सभांना येत नाहीत. वैराग्य कसलं? भीती. आपलंच स्तोत्र चारचौघांत विसरलो तर, ही भीती. आज त्या अंगणात शब्द खरोखर गेला, तेव्हा क्षणभर मी थिजलो. मग मुलांकडे पाहिलं आणि कळलं की इथे भ्यायचं कारण नाही." ते किंचित हसले. "मी गेलो होतो तुझ्या मुलासाठी जागा शोधायला. जागा मलाही मिळाली."

मग ते गंभीर झाले. "राजमार्गावरची पाठशाळा वाईट नव्हे. तिथली मुलं हुशार आहेत आणि पुढे मोठी होतील. पण मूल कुठे घालावं हे ठरवताना, तिथली मुलं किती चटकन उत्तर देतात एवढंच पाहू नये. कुणी अडला तर ती काय करतात, हे पाहावं. कारण अडण्याची पाळी प्रत्येकावर येते. तुझ्या मुलावर लवकर आली, माझ्यावर उशिरा. आणि हे एकटे गुरुजी शिकवू शकत नाहीत. त्या तांबटानं हातोडा खाली ठेवला, तिथेच ती पाठशाळा सुरू होते. म्हणून घर आणि पाठशाळा वेगवेगळी शोधू नकोस."

भागीरथीने हे ऐकले तेव्हा ती आधी म्हणाली, "अहो, त्या ठणठणाटात राहायचं?" दुसऱ्या दिवशी ती एकटीच आळीत जाऊन आली. परतल्यावर तिने सामानाच्या दोऱ्या पुन्हा आवळायला घेतल्या. व्यापाऱ्याने विचारले, तेव्हा म्हणाली, "विहिरीवर एकीला पाण्याचं विचारलं. भरली घागर खाली ठेवून बोलली माझ्याशी. एवढे दिवस या नगरात आहे, माझ्याशी थांबून बोललेली ती पहिली बाई."

तांबट आळीत त्यांचे बिऱ्हाड लागले. पहिल्या संध्याकाळी हातोडे थांबल्यावर बापलेक जेवायला बसले. मध्येच कमलाकरने मान वर केली.

"बाबा, म... मला द... द..."

व्यापारी दूध आणायला अर्धवट उठला होता. मुलाला दूधच हवे असणार, दुसरे काय? पण तो पुन्हा खाली बसला. त्याने हातातला घास ताटात ठेवला आणि मुलाकडे तोंड करून थांबला. भाताची वाफ विरून गेली.

"मला द... दादूची आठवण येते," कमलाकर म्हणाला.

व्यापाऱ्याच्या मनात प्रश्न आला. इतकी वर्षे आपण मुलाची वाक्ये पुरी करीत आलो; त्यांतली त्याची किती होती आणि आपली किती?

"दादू कोण रे?" त्याने हळूच विचारले.

मुलगा आश्चर्याने बापाकडे पाहत राहिला. मग त्याने ताट जरासे बाजूला सारले, मांडी नीट घातली आणि सांगायला सुरुवात केली. सांगायला खूप होते, आणि त्याला वेळ लागत होता. बाप ऐकत होता.