लेखनिक आणि त्याचा फॉन्ट

संगणकातले प्रोग्राम आपसांत बोलत, तेव्हाची गोष्ट. शब्दकोड्याच्या खेळासोबत करवलीसारखा आलेला वळण नावाचा चिमुकला फॉन्ट, खेळ काढून टाकल्यावर एकटा पडला. लेखनिक नावाचा बडा प्रोग्राम रोज त्याचीच अक्षरं वापरी. पण चारचौघांत त्याचं नाव घेत नसे.

एकदा नको असलेल्या फाइली काढून टाकणारी केरसुणी साफसफाईला आली. "बाळा, तू कुणाला लागतोस?"

वळणानं आशेनं लेखनिकाकडे पाहिलं.

"मला? छे! माझं कुणावाचून अडत नाही," लेखनिक म्हणाला.

केरसुणीचा जीव तुटला. "ज्याचं नाव कुणी घेत नाही, त्याला मला ठेवता येत नाही रे," म्हणत तिनं त्याला उचललं.

सकाळी लेखनिकानं पत्र उघडलं, तर अक्षरांच्या जागी नुसते रिकामे चौकोन! घाबरून त्यानं लिहिलं, "वळणा, परत ये."

पडद्यावर तेही चौकोनच उमटले.