सुखदेवला पटलेली गाडी

एका गावात एक भोळा गिरणीवाला होता. गावाचं नाव बोरखेडी, त्याचं नाव सुखदेव. गिरणी म्हणायला त्याची, चालवायची बायको चंद्रकला. ती दळण दळायची, पट्टा बसवायची, दगडाला टाकी लावायची. सुखदेव डब्यांवर गिऱ्हाइकांची नावं लिहायचा. एवढंच करत होता तोवर सगळं ठीक होतं. मग त्याच्या हातात फोन आला.

सुखदेवमध्ये एक गुण होता. त्याला कुणाचंही बोलणं पटायचं. सकाळी एकाचं, दुपारी त्याच्या उलट बोलणाऱ्याचं. दोघं समोरासमोर भांडत असले तर दोघांचंही.

आता चंद्रकलेला गाडी हवी होती. तिच्या भावाची, भास्करदादाची वास्तुशांत झाली तेव्हा ही दोघं गावातल्या गुलाबच्या टेम्पोतून गेली होती. टेम्पोत टोमॅटोच्या जाळ्या होत्या. दारात उतरल्याबरोबर विमलवहिनी चारचौघांत म्हणाली, "अगंबाई वन्सं, तुम्ही आलात की टोमॅटो आले?" सगळे हसले. चंद्रकलाही हसली, पण तिचा घास काही खाली उतरला नाही. त्या दिवशी तिनं मनाशी ठरवलं, भाचीच्या लग्नाला या दारात उतरेन ती स्वतःच्या गाडीतून. तेव्हापासून ती एकेक दळणाचे पैसे बाजूला टाकत होती.

भाचीचं, प्रणालीचं लग्न ठरलं. चंद्रकला म्हणाली, "अहो, आता गाडीचं बघा."

सुखदेवनं फोन काढला आणि 'गाडीवाले मित्रमंडळ' नावाच्या ग्रुपवर विचारलं, "नमस्कार. गाडी घ्यायची आहे. कुठली घेऊ?"

चहा निवायच्या आत ग्रुप पेटला. कुणी म्हणे पेट्रोल, कुणी म्हणे डिझेल. कुणी म्हणे गॅसवरची घ्या, तर दुसरा म्हणे डिकीत गॅसची टाकी, मग सामान काय डोक्यावर ठेवणार? बॅटरीवाल्याला सगळ्यांनी मिळून हाकललं, तो दुसऱ्या नावानं परत आला. ग्रुपमध्ये तिघं मोठे जाणकार होते. एक मायलेज मास्तर, त्यांच्याकडे स्वतःची सायकल होती. दुसरे रोखठोक, ते कर्ज या शब्दानंच चिडायचे. तिसरे हप्तेबहाद्दर, ते रोखीच्या नावानं चिडायचे. सुखदेवनं प्रत्येकाला अंगठा दाखवला. म्हणजे चांगला अंगठा, वर केलेला.

मग तो तालुक्याच्या शोरूममध्ये गेला. तिथल्या पोरसवदा विक्रेत्यानं एक पांढरी गाडी दाखवली, किंमत सांगितली आणि पुढची घासाघीस ऐकायला सावरून बसला. सुखदेव म्हणाला, "बरं."

विक्रेता घाबरला. त्याला वाटलं, माणूस आयकर खात्यातला आहे.

संध्याकाळी ग्रुपवर सगळे सुखदेववर तुटून पडले. मायलेज मास्तरांनी लिहिलं, "पहिल्या आकड्याला हो म्हणतात का? आकडा ऐकला की उठायचं आणि चालू लागायचं. मागून हाक मारतात. मारतातच!"

सुखदेवला पटलं.

दुसऱ्या दिवशी तो बँकेत गेला. मॅनेजरबाईंनी कागद तपासले. गिरणीची कमाई, चंद्रकलेची बचत, सगळं बघून त्या खूश झाल्या. म्हणाल्या, "तुमचं कर्ज मंजूर आहे. व्याजाचा दर हा असा. इथे सही करा."

आकडा ऐकला आणि सुखदेव उठला. चालू लागला.

दारापाशी तो जरा रेंगाळला. हाक आली नाही. पायरीवर थांबला. हाक आली नाही. मागून फक्त शिपाई आला आणि म्हणाला, "पेन आमचं आहे." सुखदेवनं पेन दिलं आणि घरी आला.

चंद्रकलेनं कपाळाला हात लावला. पीठ लागलेला हात, कपाळ पांढरं झालं. "अहो, ते गाडीच्या किमतीचं होतं! बँकेचं नव्हे!"

"चुकलंच की," सुखदेव म्हणाला. "पुढच्या वेळी ध्यानात ठेवतो."

आणि तो खरंच ध्यानात ठेवायचा. सगळा घोटाळा तिथेच होता.

ग्रुपवर मात्र आनंद झाला. रोखठोकांनी लिहिलं, "वाचलात! कर्ज म्हणजे गळ्यात दोर. माझं ऐका, उधारीची एकही वस्तू घरात ठेवू नका. आजच्या आज परत करा, मग बघा कशी झोप लागते."

लगेच हप्तेबहाद्दरांनी लिहिलं, "रोख देणाऱ्यासारखा खुळा नाही. शहाणा माणूस एकदम काहीच देत नसतो. आधी थोडं डाउन पेमेंट, बाकीचं महिन्याला थोडं थोडं. देणं असं वाटून टाकलं की जड जात नाही."

दोघांची जुंपली. एकानं दुसऱ्याच्या आजोबांपर्यंत मजल मारली. सुखदेवला दोघांचंही पटलं.

इकडे चंद्रकलेनं भाचीचं केळवण ठेवलं होतं. प्रणाली येणार, भास्करदादा येणार, विमलवहिनी येणार. वहिनीसमोर कशात कमी पडायचं नाही म्हणून चंद्रकला पहाटेपासून राबत होती. शेजारच्या पार्वताबाईंचं मोठं पातेलं मागून आणलं होतं आणि त्यात बासुंदी आटत ठेवली होती. आहेराला नवाकोरा कुकर आणला होता. सुखदेवला ती म्हणाली, "मी पुऱ्या लाटते. तुम्ही बासुंदीकडे बघा."

सुखदेवनं बासुंदीकडे बघितलं. मग पातेल्याकडे बघितलं. पातेल्यावर पार्वताबाईंचं नाव कोरलेलं होतं. उधारीची वस्तू, आणि भर घरात! त्यानं दोन फडकी घेतली, पातेलं उचललं आणि शेजारी नेऊन दिलं.

"अहो, यात बासुंदी आहे," पार्वताबाई म्हणाल्या.

"असू दे," सुखदेव म्हणाला. "आता मला झोप लागेल."

पार्वताबाईंच्या घरी त्या दिवशी कुणाचंच केळवण नव्हतं, पण सगळे पोटभर जेवले.

पाहुणे पुरी आणि बटाट्याची भाजी खाऊन उठले. वहिनी नुसती रिकाम्या वाटीकडे बघत राहिली. चंद्रकलेला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तरी तिनं तोंड हसरं ठेवलं, प्रणालीला पाटावर बसवून ओटी भरली आणि नवऱ्याला म्हणाली, "आहेर आणा."

सुखदेव आत गेला आणि कुकरचं झाकण घेऊन आला. झाकणाला हळदकुंकू लावून त्यानं ते प्रणालीच्या हातात ठेवलं.

प्रणालीनं झाकण उलटंसुलटं केलं. "आत्याबा, बाकीचा कुकर?"

"येईल की," सुखदेव म्हणाला. "हे डाउन पेमेंट. पुढच्या महिन्यात शिट्टी. मग रबर. भांडं शेवटी."

वहिनीनं पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते. जाता जाता म्हणाली, "वन्सं, लग्नाला कशातून येणार? का तुमचीसुद्धा आधी चाकं यायची?"

पाहुणे गेल्यावर चंद्रकला स्वयंपाकघरात जाऊन रडली. मग डोळे पुसून बाहेर आली. "अहो, ते हप्त्याचं गाडीसाठी होतं. आहेरासाठी नव्हे."

"चुकलंच की. पुढच्या वेळी ध्यानात ठेवतो."

"पुढची वेळ मीच बघते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं गिरणीला कुलूप लावलं, बँकेत गेली, मॅनेजरबाईंची माफी मागितली आणि सुखदेवचा हात धरून त्याच्याकडून सह्या करून घेतल्या. तो उठायला लागला की ती पदराखालून त्याचा सदरा ओढायची. कर्ज झालं. गाडी ठरली. लग्नाच्या आदल्या दिवशी मिळणार होती. सुखदेवनं गाडी चालवायचा क्लास आधीच केला होता आणि तो चांगली चालवायचा, कारण तिथे शिकवणारा एकच माणूस होता.

चंद्रकलेनं त्याला बजावलं, "गाडी घ्या. रात्री तालुक्याला तुमच्या मामांकडे थांबा. सकाळी उजाडताच दारात आणा. मी तयार असेन. आणि फोन बघू नका."

शोरूममध्ये नारळ फुटला, गाडीला हार घातला. विक्रेत्यानं चावी हातात दिली. सुखदेवला इतका आनंद झाला की तो आनंद कुणालातरी सांगायलाच हवा होता. त्यानं गाडीचा फोटो ग्रुपवर टाकला.

अभिनंदन कुणीच केलं नाही. रंगावरून तिघं भांडले. मायलेज मास्तरांनी लिहिलं, "आता नीट ऐका. गाडी घेतानाच विकायचा विचार करावा. गिऱ्हाईक आधी मीटर बघतं. मीटर जितका कमी फिरलेला, तितका भाव जास्त. काटा हलला की पैसा गेला!"

सुखदेवनं हातातली चावी बघितली. बायकोनं एकेक दळण करून साठवलेला पैसा होता तो. त्याला पटलं.

सकाळ झाली. चंद्रकला पैठणी नेसून, नथ घालून ओट्यावर उभी होती. शेजारीपाजारी गोळा झाले होते. पार्वताबाई ओवाळायला ताम्हन घेऊन आल्या होत्या. वळणावर हॉर्न वाजला.

गुलाबचा टेम्पो आला. टेम्पोवर नवी गाडी होती, दोरखंडानं बांधलेली, हार घातलेली. गुलाबशेजारी बसलेला सुखदेव ओरडला, "अगं, काटा हललेला नाही बघ!"

ओवाळायचं कशाला, हे पार्वताबाईंना कळेना. त्यांनी सवयीनं टेम्पोला ओवाळलं.

मुहूर्त जवळ आला होता. दोर सोडून गाडी उतरवायला फळ्या हव्या होत्या आणि फळ्या शोरूममध्येच राहिल्या होत्या. मग चंद्रकलेनं पदर खोचला, टेम्पोच्या चाकावर पाय देऊन वर चढली, गाडीचं दार उघडलं आणि आत बसली. "चला," म्हणाली.

भास्करदादाच्या दारात टेम्पो थांबला आणि मांडव बाहेर लोटला. नव्या गाडीत, सगळ्यांच्या डोक्याच्या वर, नथ घातलेली चंद्रकला बसली होती. लोकांना वाटलं, ही काहीतरी नवी पद्धत आहे. बँडवाल्यांना कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी वाजवायला सुरुवात केली. मांडववाल्यानं शिडी लावली. चंद्रकला स्वतःच्या गाडीतून माहेरच्या दारात उतरली. वहिनी शिडी धरून उभी होती. इतक्या दिवसांनी चंद्रकला त्या घरात पोटभर जेवली.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण सुखदेव मांडवात मोकळा होता.

पाठवणीची वेळ झाली. भास्करदादानं लेकीला गाडी द्यायचं कबूल केलं होतं आणि त्याच्या शोरूमवाल्यानं ऐन वेळी तारीख पुढे ढकलली होती. सासरची मंडळी खोळंबली होती. दादा घाम पुसत सुखदेवजवळ आला. "दाजी, तुमची गाडी कोरी आहे. ती मला द्या. तुम्ही दुसरी घ्याल." आणि त्यानं एक आकडा सांगितला. तो शोरूमच्या किमतीपेक्षा थोडा कमीच होता.

आकडा ऐकला आणि सुखदेव उठला. चालू लागला.

"दाजी, थांबा!" मागून दादाची हाक आली.

"भाऊजी, अहो भाऊजी!" वहिनीची हाक आली.

"ओ पाहुणे!" वराच्या काकांचीही हाक आली.

सुखदेवचे डोळे भरून आले. मास्तर खोटं बोलले नव्हते. तो वळला, परत आला आणि म्हणाला, "बरं."

"आकडा तोच ना?" दादानं भीत भीत विचारलं.

"तोच की. हाक मारलीत ना तुम्ही."

दादा पैशांसाठी आत जाऊ लागला, तसा सुखदेवनं त्याचा हात धरला. "छे छे, शहाणा माणूस एकदम काहीच देत नसतो. आता थोडं द्या, बाकीचं महिन्याला थोडं थोडं."

दादा गोंधळला. वहिनी नाही गोंधळली. ती आत गेली आणि पदराखाली काहीतरी घेऊन आली.

चंद्रकला भाचीच्या गळ्यात पडून रडली, डोळे पुसले, आणि बघते तर प्रणाली तिच्याच गाडीत बसून सासरी निघाली होती. मांडवातल्या दोन फळ्यांवरून उतरवलेली गाडी पहिल्यांदाच स्वतःच्या चाकांवर चालत होती. काटा हलत होता.

परतताना ती गुलाबच्या टेम्पोत पुढे बसली. मांडीवर कुकरचं झाकण होतं. बँकेचे हप्ते गिरणी फेडणार होती. बोरखेडी जवळ आली तेव्हा ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका थकलेला होता की गुलाबनंसुद्धा गाणं बंद केलं, "अहो, साऱ्या जगाला विचारलंत. एकदा तरी मला विचारायचं होतं, मला काय हवं ते."

सुखदेवला हे आजवरच्या सगळ्यांपेक्षा जास्त पटलं. त्याला स्वतःची लाजही वाटली.

त्यानं लगेच फोन काढला आणि ग्रुपवर विचारलं, "नमस्कार. माझ्या बायकोला काय हवं आहे?"

मायलेज मास्तरांनी लिहिलं, "डिझेल."