चिमणीची बाटली

"न उघडता सांगता येईल का, फादर? हिच्यात अजून जीव आहे की नाही, एवढंच."

श्रीपाद ओझरकरने बाटली टेबलावर ठेवली, पण तिच्या मानेवरचा हात काही काढला नाही.

फादर सायमन चष्मा शोधत होते. चष्मा कपाळावरच होता. तो नाकावर ओढून त्यांनी लेबल जवळून पाहिलं. लेबलवर एक चिमणी होती. बाकी वाचण्यासारखं फारसं नव्हतं.

"न उघडता मला चिमणी दिसते," ते म्हणाले. "हात काढ."

श्रीपादने हात काढला.

वसईतल्या एका जुन्या चर्चच्या मागे, केळीच्या बागेला लागून, निवृत्त धर्मगुरूंसाठी दोन खोल्या आहेत. त्यातली एक फादर सायमन यांची. दोन खुर्च्या, एक टेबल, भिंतीवर क्रूस आणि कोपऱ्यात चिनी मातीची बरणी. द्राक्षांच्या दिवसांत फादर तिच्यात काळ्या द्राक्षांची वाईन घालतात. गावातली इतर घरं आपली वाईन नाताळापर्यंत जपतात. फादरांची नाताळापर्यंत कधी पुरलेली नाही. जो दारात येईल त्याच्यापुढे पेला.

श्रीपाद आला तेव्हाही त्यांनी बरणी तिरकी करून तळाशी उरलेली वाईन एका पेल्यात काढली होती. पेला जेमतेम भरला.

"संपली," फादर म्हणाले होते. "ही शेवटची. घे."

"आधी हे बघू, फादर." श्रीपादने पेला बाजूला सारला आणि पिशवीतून बाटली काढली.

ठाण्यात वाईन पिणारी जी काही मंडळी आहेत, त्यांच्यात श्रीपादचं नाव मोठं. दुकानात उभे राहून लोक त्याला फोन करायचे, की बाबा, कुठली घेऊ? महागाची बाटली चांगली निघाली तर त्यात कसलं आलंय कौतुक, असं तो म्हणायचा. खालच्या फळीवर धूळ खात पडलेल्यांतून एखादी हिऱ्यासारखी उचलायची, खरी मजा त्यात. बाटलीची किंमत आधी सांगून मग वाईनची तारीफ करणाऱ्यांची तो भर मैफलीत टर उडवायचा. नाक तिखट होतं आणि ते थोडं वरही होतं.

हे नाक घडवलं फादरांनी. ऑफिसातल्या एकाच्या लग्नाला श्रीपाद या चर्चमध्ये आला होता. मिस्सा, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, संपत आली तेव्हा फादरांनी वेदीवरच्या कपातली उरलेली वाईन पिऊन टाकली, मग कपात पाणी घातलं, ते फिरवलं आणि तेही प्यायले. श्रीपाद बघतच राहिला. जेवणाच्या मांडवात त्याने त्यांना गाठलं.

"थोडी उरली तर ठेवत नाही तुम्ही?"

"ठेवायची नसते," फादर म्हणाले होते.

तेवढ्यावरून ओळख झाली. मग महिन्या-दोन महिन्यांनी येणं, वास घ्यायला शिकणं, घोट तोंडात फिरवायला शिकणं. पुढे श्रीपादचं नाव झालं आणि येणं कमी झालं. आज तो आला होता तो बऱ्याच वर्षांनी.

"कुठे सापडली तुला ही?" फादरांनी विचारलं.

"मला नाही. केतकीला सापडली."

केतकी, श्रीपादची बायको, गेल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं.

"सांग."

"काय सांगू? चिमणी आवडली म्हणून उचलली तिने. मी दुकानात सगळ्यांसमोर हसलो तिला. म्हटलं, चित्र बघून काय वाईन घेतेस? लहान मुलांचं पुस्तक आहे का हे?"

"मग?"

"घरी आलो. वांग्याचं भरीत केलं होतं तिने. बाटली उघडली, एक घोट घेतला... आणि मी बोलायचा थांबलो."

"तू?"

श्रीपादला हसू आलं नाही. "इतक्या वर्षांत मी तशी शोधली नव्हती, फादर. त्या भावात तर नाहीच. दुसऱ्या दिवशी जाऊन अख्खं खोकं उचललं. पुढे तो वाईनचा कारखानाच बंद पडला. म्हणजे जेवढ्या आमच्याकडे होत्या, तेवढ्याच."

"आणि त्या तुम्ही प्यायलात."

श्रीपादने खिडकीबाहेर पाहिलं. केळीची पानं वाऱ्याने फाटली होती.

"नाही."

"का?"

"इतकी चांगली वाईन अशी कुठल्याही दिवशी..." त्याने वाक्य सोडून दिलं. "कपाटात खाली ठेवली. तिच्या साड्यांच्या मागे. काहीतरी मोठं निमित्त असेल तेव्हा काढू म्हटलं."

असली स्वस्त वाईन ताजी असतानाच पिऊन टाकायची असते, दोन-तीन वर्षांत तिचा दम संपतो, हे फादरांनीच श्रीपादला शिकवलं होतं. श्रीपादने ते पुढे शेकडो लोकांना सांगितलं होतं. पण ही बाटली त्यातली नाही, असं त्याला वाटलं. आपल्या घरात आली ती अपवादच असणार, असं धरून चालला तो. शहाणीसुरती माणसंही आपल्या बाबतीत असंच धरून चालतात.

"ती विचारायची," श्रीपाद म्हणाला. "'आज उघडूया का?' म्हणायची. मी म्हणायचो, आज काय आहे?"

"मग ती काय म्हणायची?"

"'बुधवार आहे,' म्हणायची. नाहीतर, 'भरीत आहे.'"

फादरांच्या ओठांवर काहीतरी हललं. ते हसू होतं की नाही, श्रीपादला कळलं नाही.

"ज्या दिवशी तिचे रिपोर्ट आले ना, फादर... त्या संध्याकाळी ती स्वतः उठली. कपाटातून बाटली काढून आणली, टेबलावर ठेवली. म्हणाली, 'आज उघड.' मी उचलून परत ठेवून दिली. म्हटलं, बरी झालीस की उघडू. सगळ्यांना बोलावू, दणक्यात उघडू."

फादर चष्मा पुसत ऐकत होते.

"मग औषधं सुरू झाली. तिला पाणीसुद्धा कडू लागायला लागलं. तोंडात काही धरवायचं नाही. मग मी आणली एकदा बाटली, तिच्या उशाशी. उघडू का, विचारलं. तिने नको म्हणून मान हलवली. म्हणाली, 'आता तू पी.'"

नंतरचं त्याने तुटक तुटक सांगितलं. ती गेल्यावर त्याने एकेक बाटली काढली. पहिली मेलेली निघाली. त्याला वाटलं, बूच खराब असेल. दुसरी तशीच. तिसरी तशीच. प्रत्येक वेळी तो पेला धरून स्वयंपाकघरात उभा राहायचा आणि सगळी मोरीत ओतायचा. ओतताना दर वेळी त्याला तिचं ते टेबलापर्यंत चालत येणं आठवायचं. अशी करत करत ही एक उरली. ही उघडायची त्याची छाती झाली नव्हती.

"मग माझ्याकडे का आणलीस?" फादरांनी विचारलं.

"ही चांगली निघाली तर..."

"तर?"

श्रीपादने तोंडावरून हात फिरवला. "एक जरी चांगली निघाली, तर मी ठेवलं ते अगदीच चुकलं नाही, असं होईल ना, फादर? मी वेडा नव्हतो असं होईल. वाईन टिकली होती, नशीबच टिकलं नाही, असं म्हणता येईल मला."

"आणि नाही निघाली तर?"

गेले कित्येक महिने श्रीपाद याच एका बाटलीच्या आधाराने सकाळी उठत होता.

"उघड," फादर म्हणाले.

श्रीपादने खिशातून बूच काढायचं यंत्र काढलं. आयुष्यभर त्याने लोकांना बूच कसं अलगद काढायचं ते दाखवलं होतं. आज बूच अर्ध्यात तुटलं. उरलेलं अर्धं भुगा होऊन मानेतच बसलं.

"सावकाश," श्रीपाद स्वतःलाच म्हणाला.

फादरांनी बाटली त्याच्या हातातून घेतली, चमच्याच्या दांड्याने बूच सरळ आत ढकललं आणि दोन स्टीलच्या भांड्यांवर चहाची गाळणी धरून वाईन ओतली. ती लाल नव्हती. चहाच्या चोथ्यावर पाणी ओतल्यावर येतो तसा रंग होता तिला.

श्रीपादने भांडं नाकाशी नेलं. डोळे मिटले.

"जांभूळ," तो म्हणाला. "अगदी थोडं, मागे... जांभळाचा वास येतोय ना, फादर?"

फादरांनी स्वतःच्या भांड्याचा वास घेतला.

"आहे ना?"

"पी."

त्याने घोट घेतला. तोंडात फिरवला, जिभेखाली नेला, टाळूला लावला, शिकवलं होतं तसं सगळं केलं. काही नव्हतं. जांभूळ नव्हतं, गोडवा नव्हता, आंबटपणाही धड नव्हता. व्हिनेगर झाली असती तर निदान स्वयंपाकघरात कामाला आली असती. ही कशाच्याच कामाची राहिली नव्हती.

श्रीपादने भांडं खाली ठेवलं. मग त्याने दोन्ही हातांत तोंड झाकलं आणि तो रडायला लागला. पन्नाशी ओलांडलेला माणूस, मोठमोठ्याने रडला. तिच्या अंत्यविधीलाही तो असा रडला नव्हता. तेव्हा कपाटात बाटल्या होत्या.

फादर आपल्या जागेवरून हलले नाहीत.

"काहीतरी बोला, फादर."

"काय बोलू?"

"तिने माफ केलं असेल, असं काहीतरी. तुम्ही लोकांना सांगता ना?"

"ते तिला विचारावं लागेल."

"ती नाहीये!"

"हो," फादर म्हणाले. "नाहीये."

श्रीपादला वाटलं, या म्हाताऱ्याच्या छातीत दगड आहे. इतक्या लांब आपण कशासाठी आलो? दोन गोड शब्द तर शेजारीपाजारीही बोलले असते.

फादर उठले. बाटली आणि दोन्ही भांडी घेऊन ते दारातून बाहेर गेले आणि सगळं केळीच्या बुंध्याशी ओतून आले. बाटली नळाखाली धुतली. चिमणी ओली झाली, पण सुटली नाही. रिकामी बाटली त्यांनी श्रीपादच्या पुढ्यात ठेवली.

"घेऊन जा."

श्रीपादने ती पिशवीत ठेवली. नाक पुसलं, रुमाल घडी करून खिशात घातला. आता घरी जायचं होतं, आणि घरी कपाटात काहीच उरलं नव्हतं. आता कशाची वाट बघायची, हेच त्याला कळेना. तो उभा राहिला.

फादरांची नजर टेबलाच्या कडेला गेली. तिथे मघाचा पेला तसाच होता. त्यांनी तो बोटाने श्रीपादच्या दिशेने सरकवला.

श्रीपादने सवयीने वाकून वास घेतला. नाक अजून शाबूत होतं. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर जुना श्रीपाद आला.

"मस्त झालीय, फादर. द्राक्ष चांगलं होतं या वर्षी. अशी वाईन बाजारात शोधून सापडायची नाही."

"घे ना मग."

"आज नको." त्याने पिशवी खांद्याला अडकवली. "आज तोंडाला चव नाही. मन जाग्यावर नाही. इतकी चांगली वाईन उगाच वाया जाईल. झाकून ठेवा तुम्ही. पुढच्या वेळी निवांत येईन, तेव्हा घेईन."

फादरांनी पेला उचलला. श्रीपादच्या समोर, एकेक घोट घेत, तळापर्यंत प्यायले. तांब्यातलं थोडं पाणी पेल्यात घातलं, ते फिरवलं आणि तेही प्यायले. रिकामा पेला त्यांनी टेबलावर पालथा ठेवला.

श्रीपाद उंबऱ्यात उभा होता. पिशवीचा बंद त्याने मुठीत घट्ट धरला होता.

"छान होती," फादर म्हणाले.